पंचेचाळीस दिवसांची चूक : महाराष्ट्र आणि गोव्याच्या सत्तर खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातून लोकसभेत व राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय सदस्य

विषय : उपग्रह फोडण्याच्या चाचण्यांबाबत भारताची भूमिका. तारांकित प्रश्न विचारण्याची विनंती.

स.न.वि.वि.

लोकसभेचे पन्नास आणि राज्यसभेचे वीस, असे तुम्ही सत्तर जण. तुमच्या टपालात कांदा, कापूस, पीकविमा, रेल्वेचे थांबे असे विषय रोज येत असतील. मुंबई-गोवा महामार्ग कधी पुरा होणार, हे मी विचारणार नाही. ते विचारता विचारता आमची एक पिढी निवृत्त झाली. माझं काम वेगळं आहे आणि त्यात पैसे मागायचे नाहीत.

मी सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवत होतो. आता वास्कोला मुलीकडे असतो. २७ मार्च २०१९ ची दुपार मला चांगली आठवते. शिक्षकखोलीत एकाच मोबाइलभोवती आम्ही सहा-सात जण डोकी घालून बसलो होतो. पंतप्रधान अचानक देशाशी बोलणार म्हटल्यावर आमच्या क्लार्कने नोटाबंदीच्या आठवणीने आधी खिशातलं पाकीट चाचपलं. मग कळलं, की भारताने आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला, तीन मिनिटांत. पुढचा तास नववीवर होता. मी फळाभर पृथ्वी काढली, तिच्याभोवती कक्षा काढली, ओडिशाच्या किनाऱ्यावरून सुटलेला बाण काढला. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी पोरांनी विचारलं, सर, तुकड्यांचं काय? मी पेपरात वाचलेलं सांगितलं : उपग्रह सुमारे ३०० किलोमीटरवर होता, एवढ्या खाली विरळ का होईना हवा असते, तिच्या घर्षणाने सगळे तुकडे पंचेचाळीस दिवसांत खाली येऊन जळून जातील. आकडा डीआरडीओने दिलेला होता. मी तो फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तो चुकला. बरेचसे तुकडे लवकर जळले, हे खरं. पण कॅरमची फोड ज्यांनी मारली आहे त्यांना ठाऊक आहे, सगळ्या सोंगट्या एका बाजूला जात नाहीत. काही तुकडे वर फेकले गेले, काहींच्या कक्षेचं वरचं टोक हजार किलोमीटरच्या पलीकडे गेलं. पाच दिवसांनी नासाच्या प्रमुखांनी सांगितलं, की चोवीस तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्याही वर जात आहेत. नोंद झालेला शेवटचा तुकडा खाली यायला २०२२ चा मध्य उजाडला. माझी नववीची मुलं तोवर बारावी होऊन गेली होती. चूक दुरुस्त करायला वर्गच उरला नव्हता.

चाचणी करायलाच नको होती असं माझं म्हणणं नाही. चीनने २००७ मध्ये केली, अमेरिकेने त्याच्या आधी १९८५ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये केली. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या वेळी १ जानेवारी १९६७ ही तारीख दाखवून आपल्याला दाराबाहेर ठेवलं होतं : ज्यांनी त्याआधी स्फोट केले ते मान्यवर, बाकीचे उपरे. अंतराळात पुन्हा तशीच तारीख ठरली आणि आपण रिकाम्या हातांनी बाहेर राहिलो तर काय, ही भीती रास्त होती. २०१९ ला आपण दार बंद व्हायच्या आत पाय घातला. माझं गाऱ्हाणं त्यानंतरचं आहे.

पण त्याआधी थोडा भूगोल. जुनी सवय आहे, चालवून घ्या.

मोसंबं सोललं की फोडींच्या रेघा मधे लांब लांब असतात आणि देठाशी एकत्र येतात. पृथ्वीची पाहणी करणारे बहुतेक उपग्रह तशाच रेघांवरून, एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे फिरतात. एका फेरीला साधारण शंभर मिनिटं, दिवसाला चौदा फेऱ्या. पृथ्वी खाली स्वतःभोवती फिरत राहते, म्हणून दर फेरीला नवा पट्टा दिसतो. हैदराबादजवळ शादनगरला अँटेना लावली तर त्या चौदांपैकी मोजक्याच फेऱ्या तिच्या टप्प्यात येतात. ध्रुवाजवळ लावली तर जवळजवळ सगळ्या. ध्रुवावरच्या जमिनीसाठी चाललेल्या ओढाताणीचं एक मोठं कारण एवढं साधं आहे. तेल आणि खनिजं यांची चर्चा होते, कारण ती डोळ्यांना दिसतात.

ग्रीनलंडचंच घ्या. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ते बेट मागितलं तेव्हा आपल्याकडे दुर्मिळ खनिजांवर लेख आले. पण तिथे ७६ अंश उत्तरेला पिटुफिकचा अमेरिकी तळ आहे, पूर्वी त्याला थूले म्हणत. २०२३ मध्ये त्याचं नाव बदलताना ‘हवाई तळ’चं ‘अंतराळ तळ’ झालं होतं. ध्रुवावरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारं रडार आणि उपग्रहांशी बोलणाऱ्या अँटेना, हे त्या तळाचं काम.

आणखी उत्तरेला, ७८ अंशांवर, स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेने एका पठारावर पांढऱ्या घुमटांचं गावच वसवलंय. शंभराहून जास्त अँटेना आहेत आणि चौदाच्या चौदा फेऱ्या टिपतात. तिथून मुख्य भूमीपर्यंत समुद्राखालून दोन केबल जातात. जानेवारी २०२२ मध्ये त्यातली एक निकामी झाली. माणसाच्या हातून झालं असावं असं नॉर्वेच्या पोलिसांना वाटलं, पण कुणावर बोट ठेवता आलं नाही. दुसरी केबल चालू होती म्हणून निभावलं. याच स्वालबार्डमध्ये आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. १९२० च्या ज्या करारामुळे तिथे बाहेरच्या देशांना मज्जाव नाही, त्यावर ब्रिटिशांनी भारताच्या वतीनेही सही केली होती. गोऱ्या साहेबाने आपल्या नावावर केलेल्या व्यवहारांत हा एक बरा निघाला. त्या करारात ती बेटं युद्धाच्या कामी वापरायची नाहीत असं कलम आहे, आणि घुमटांत येणारी चित्रं शांततेची की युद्धाची, यावर वाद आहेच.

दक्षिणेला तर शेजारच मजेशीर आहे. अंटार्क्टिकावर लार्समन टेकड्यांमध्ये आपलं ‘भारती’ हे संशोधन केंद्र आहे, १३४ कंटेनर जोडून बांधलेलं, २०१२ मध्ये सुरू झालेलं. त्याच टेकड्यांत, काही किलोमीटरवर, चीनचं झोंगशान आणि रशियाचं प्रोग्रेस. ऑस्ट्रेलिया त्या सगळ्या भूभागावर हक्क सांगतो, पण अंटार्क्टिक कराराने असे सातही देशांचे दावे गोठवले आहेत, म्हणून कुणी कुणाकडे भाडं मागत नाही. भारतीवर इस्रोची अँटेना २०१३ पासून आपल्या उपग्रहांची माहिती उतरवून हैदराबादला धाडते. चीनच्या ध्रुवीय केंद्रांवर अमेरिकेच्या संरक्षण खात्याला संशय आहे, की विज्ञानाच्या आडून लष्करी कामं होतात. असेलही. पण आपल्या कार्टोसॅट उपग्रहांची चित्रं नगररचनेला लागतात तशी सीमेवरही लागतात. अँटेनेला यातला फरक कळत नाही आणि बाहेरून बघणाऱ्यालाही कळायचा नाही.

अंटार्क्टिकात यावर एक तोडगा आहे. कराराच्या सातव्या कलमाप्रमाणे सल्लागार दर्जाच्या कुठल्याही देशाचे निरीक्षक कुठल्याही केंद्रावर कधीही येऊन दार ठोठावू शकतात. लष्करी सराव नाही, शस्त्रांच्या चाचण्या नाहीत, अणुस्फोट नाहीत. १९५९ चा करार आहे, शीतयुद्धाच्या ऐन भरातला, आणि टिकला आहे.

हे सगळं होण्याआधी, १९५६ मध्ये, अंटार्क्टिकाचा शांततेसाठीच वापर व्हावा हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे आणायचा प्रयत्न कुणी केला होता? आपण केला होता. तेव्हा आपलं तिथे केंद्र नव्हतं, जहाज नव्हतं, एक माणूस नव्हता. चिली आणि अर्जेंटिना यांना ते रुचलं नाही, आपल्याला विषय मागे घ्यावा लागला. १९५८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही सोडावा लागला. पुढच्या वर्षी बारा देशांनी करार केला त्यात आपण नव्हतो. पण नको त्या ठिकाणी स्फोट करू नका, हे सांगायला त्या वेळी आपल्याकडे स्फोटक असण्याची गरज पडली नव्हती.

मी राहतो तिथून हेडलँड सड्यावरचं ध्रुवीय संशोधन केंद्र रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे. आपली पहिली तुकडी डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली, ६ डिसेंबर १९८१ ला, ‘पोलर सर्कल’ नावाच्या नॉर्वेच्या जहाजातून. एकवीस माणसं होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. ९ जानेवारी १९८२ ला ती बर्फावर उतरली. गंमत बघा, बाह्य अंतराळाच्या १९६७ च्या करारावर आपण सही आधीच केली होती, पण तो रीतसर मान्य केला तोही जानेवारी १९८२ मध्येच. एकाच महिन्यात आपण दोन्ही उंबरे ओलांडले.

पुढे दोन्ही घरांचं नशीब मात्र वेगळं निघालं. अंटार्क्टिकासाठी २०२२ मध्ये संसदेने कायदा केला. लोकसभेत गोंधळ चालू असतानाच तो संमत झाला, पण झाला. अंतराळासाठी २०१७ मध्ये विधेयकाचा मसुदा आला, २०२३ मध्ये धोरण आलं, कायदा अजून यायचाय. १९६७ चा करार अण्वस्त्रं कक्षेत ठेवू नका म्हणतो. साध्या क्षेपणास्त्राने उपग्रह फोडण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. कक्षेत जाऊन दार ठोठावणारा निरीक्षकही नाही.

आणि गर्दी कुठे होते? मोसंब्याच्या देठाशी, म्हणजे ध्रुवांजवळ. सगळ्या रेघा तिथे एकमेकींना छेदतात. १० फेब्रुवारी २००९ ला रशियाचा एक मेलेला उपग्रह आणि अमेरिकी कंपनीचा एक चालू उपग्रह एकमेकांवर आपटले, ते उत्तर सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पाच्या वर, जवळपास ७९० किलोमीटरवर. दोन्ही मिळून दोन हजारांवर मोठे तुकडे झाले. त्याआधी, जानेवारी २००७ मध्ये, चीनने आपला जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या वर फोडला, त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे नोंदले गेले आणि त्यातले पुष्कळ आजही फिरतायत. तिथे हवाच जवळजवळ नाही, तर जाळणार कोण? १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने तोच खेळ ४८० किलोमीटरच्या आसपास केला. अंतराळ स्थानकातल्या सात माणसांना, त्यात त्यांचे स्वतःचे दोन अंतराळवीर, आपापल्या यानात जाऊन दारं लावून बसावं लागलं. त्याच स्थानकात २०२५ च्या उन्हाळ्यात आपला शुभांशू शुक्ला राहून आला.

तुम्ही म्हणाल, मतदारसंघाचा काय संबंध?

माझा भाचा मालवणात बोटवाला आहे. हंगामात त्याच्या मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा संदेश येतो : अमुक बंदरापासून अमुक दिशेला, एवढे किलोमीटर, एवढी खोली, मासळी मिळण्याची शक्यता. आपल्या ओशनसॅटने समुद्राच्या पाण्याचा रंग टिपलेला असतो, त्यावरून हिरव्या शेवाळाचा अंदाज बांधतात, दुसऱ्या उपग्रहांकडून पाण्याचं तापमान घेतात. जिथे शेवाळ तिथे बारकी मासळी, तिच्यामागे मोठी. त्याचा म्हातारा तांडेल पहिल्यांदा हे ऐकून हसला होता. तोही आयुष्यभर पाण्याचा रंग आणि वरचे पक्षी बघूनच जाळी टाकत आलाय. ओशनसॅट तेच करतो, फक्त ७४० किलोमीटरवरून, ध्रुव ते ध्रुव फिरत, वर सांगितलेल्या कचऱ्यातून वाट काढत. गेल्या हंगामात एका सकाळी भाच्याचा फोन आला, “मामानू, आज नकाशो इलो नाय. ढग असतले.” ढग असले की उपग्रहाला पाण्याचा रंग दिसत नाही, हे त्याला कळलंय. एखादा तुकडा उपग्रहावर आदळला तर काय होईल, ते मी त्याला सांगितलं नाही. डिझेलच्या भावाने तो आधीच कावलेला असतो.

आता गाऱ्हाणं. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं, की उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या विध्वंसक चाचण्या यापुढे आम्ही करणार नाही. स्वतःच्या करून झाल्यावर. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, हे अगदी मान्य. पण मग कॅनडा, न्यूझीलंड, जपान, जर्मनी, ब्रिटन, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स यांनीही तसंच जाहीर केलं, आणि यातल्या एकानेही अशी चाचणी कधी केलेली नव्हती. ७ डिसेंबर २०२२ ला आमसभेत ठराव आला : सर्व देशांनी अशी हमी द्यावी. १५५ देश बाजूने. नऊ विरुद्ध, त्यात रशिया आणि चीन. नऊ तटस्थ, त्यात पाकिस्तान आणि आपण.

सरकारचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते पोकळ नाही. भारत वर्षानुवर्षं सांगत आलाय, की अंतराळातल्या शस्त्रांवर कायद्याने बांधणारा, पडताळणी करता येईल असा करार व्हावा. नुसत्या तोंडी हमीने काय होणार? शिवाय उपग्रह निकामी करायला क्षेपणास्त्रच लागतं असं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला त्याच सकाळी एका उपग्रह इंटरनेट सेवेचे मोडेम सायबर हल्ल्याने बंद पाडले गेले, आणि जर्मनीतल्या हजारो पवनचक्क्यांवरची दूरस्थ देखरेख त्या झटक्यात गेली. ठरावात याचा बंदोबस्त नाही. मग अर्धा ठराव कशाला उचलायचा?

याचं उत्तर आपल्याच संसदेच्या इतिवृत्तात आहे. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले आणि त्याच महिन्यात पंतप्रधान वाजपेयींनी संसदेत सांगितलं, की यापुढे भारत स्वेच्छेने अणुचाचण्या स्थगित ठेवील. चाचणीबंदी करारावर आपण तेव्हा सही केली नाही, आजही केलेली नाही. कुणी बांधलं नव्हतं, पडताळणी नव्हती. तोंडी हमीच होती ती, आणि आपण ती पाळली. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने आपल्याला अणुव्यापाराची सवलत दिली, तेव्हा आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी हीच स्थगिती पुन्हा पुढे ठेवली होती. म्हणजे स्वेच्छेने दिलेल्या शब्दाला बाजारात भाव असतो, हे आपण स्वतः वसूल करून पाहिलंय. आधी क्षमता दाखवायची, मग स्वतःहून थांबायचं, ही आपलीच रीत. २०१९ ला पहिला भाग झाला. दुसरा का अडलाय, हे मला कळत नाही.

गमवायचं काय, तेही बघा. ठराव क्षेपणास्त्र बाळगायला मनाई करत नाही. कक्षेतल्या रिकाम्या बिंदूवर नेम धरून चाचणी घेता येते, त्यात काही फुटत नाही. मनाई आहे ती फक्त फोडण्याला. एकीकडे इस्रो सांगते, की २०३० पर्यंत आपल्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करू. दुसरीकडे पुन्हा एखादा उपग्रह फोडण्याचा हक्क आपण हातचा राखून ठेवलाय. घरात झाडू मारणाऱ्याने सुतळी बॉम्ब खिशात ठेवावा तसं झालं हे.

रशियाने एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला, तो कक्षेत अण्वस्त्रं न ठेवण्याच्या ठरावावर. जी गोष्ट १९६७ मध्येच मान्य झालेली, तीच पुन्हा म्हणायला नकार. हवा कुठल्या दिशेला वाहते आहे ते यावरून समजतं. अशा वेळी बांधणारा करार होईपर्यंत थांबू म्हणणं, म्हणजे महामार्ग पूर्ण होईपर्यंत गावी जाणार नाही म्हणण्यासारखं आहे. आम्ही तरी खड्ड्यांतून जातोच.

तेव्हा विनंती एकच. पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी कुणीतरी, पक्ष कुठलाही असो, तारांकित प्रश्न टाका. अतारांकित नको, त्याचं लेखी उत्तर येतं आणि फायलीत जातं. तारांकिताला मंत्र्यांना उभं राहून बोलावं लागतं आणि वर पूरक प्रश्न विचारता येतात. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाची तारीख निघाली की लगेच. तुमचे स्वीय सहायक कामात असतील म्हणून मसुदा मीच देतो :

परराष्ट्रमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) उपग्रहविरोधी क्षेपणास्त्रांच्या विध्वंसक चाचण्या न करण्याबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२२ मध्ये संमत केलेल्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत;
(३) मे १९९८ मधील अणुचाचण्यांच्या स्वेच्छा-स्थगितीच्या धर्तीवर अशा चाचण्यांबाबत स्थगिती जाहीर करण्याचा शासनाचा विचार आहे काय;
(४) नसल्यास, त्यामागील कारणे काय आहेत?

अंतराळ कायद्याचा प्रश्न यात घातलेला नाही. ते खातं वेगळं, पंतप्रधानांकडे आहे, आणि दोन खात्यांची खिचडी केली की प्रश्न सचिवालयातच बाद होतो. तो दुसऱ्या कुणी स्वतंत्र टाकावा.

प्रश्न पटलावर आला तर मला तारीख कळवा, पोस्टकार्डही चालेल. २०१९ च्या नववीच्या मुलांचा व्हॉट्सॲपवर गट आहे, त्यात मला अजून ठेवलंय. एक जण मर्चंट नेव्हीत आहे, दोघी नर्सिंगला आहेत, एक भाच्याच्याच बोटीवर जातो. मंत्र्यांचं उत्तर काहीही असो, ते मी गटावर टाकणार आहे, आणि त्याच्याखाली फळ्यावरच्या त्या पंचेचाळीस दिवसांची दुरुस्तीही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
(मतदार सिंधुदुर्गातला, मुक्काम वास्को)